केस चालू असतानाच शाळा सुरू करा: अत्याचारातून गेलेल्या मुलीसोबत उभं राहणाऱ्यांसाठी

तुमच्या नात्यातल्या, वस्तीतल्या किंवा संस्थेत आलेल्या एखाद्या मुलीवर लैंगिक अत्याचार झालाय, एफआयआर झालाय, आणि आता घरातले सगळे एकच वाक्य बोलतायत, "आधी केसचं बघू, शाळेचं नंतर." मी जिल्ह्यात सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे केसच्या काळात मुलीला साथ देणारी व्यक्ती म्हणून काम करते आणि या 'नंतर' मध्ये किती मुलींची शाळा कायमची सुटली ते जवळून बघितलंय. पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम ३५ मध्ये लिहिलंय की कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष घ्यावी आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवावा, पण ज्यांनी कोर्टाची पायरी चढलीये त्यांना माहितीये की तारखा कशा पडतात. दहावीचा पेपर मात्र ठरलेल्या दिवशीच होतो. म्हणून केस आणि शाळा दोन्ही एकत्र चालवायचं, कसं ते खाली लिहिते. बहुतेक माहिती महाराष्ट्रातली आहे आणि मुख्यतः अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी आहे, कॉलेजातल्या मुलींसाठी वेगळा मुद्दा आहे.

अजून तक्रारच झाली नसेल तर आधी थोडक्यात हे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने कळवायचंच असतं, तुम्ही, शिक्षक, डॉक्टर सगळे. १०९८ किंवा ११२ ला फोन करा. दवाखान्यात नेताना "आधी पोलिसांचं पत्र आणा" असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही, सरकारी असो की खाजगी, प्राथमिक उपचार मोफत आणि लगेच द्यायचे असतात. पहिले ७२ तास फार महत्त्वाचे, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या त्याच्या आतच सुरू कराव्या लागतात. गर्भ न राहण्याची गोळीसुद्धा जितकी लवकर तितकी बरी. पीडित बाई सज्ञान असेल तर तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा, उपचार तरीही मिळतात.

१. दोन फायली करा आणि त्या कधीच एकत्र करू नका

हे सगळ्यात आधी करा, अगदी आज संध्याकाळी. दुकानातून दोन वेगळ्या रंगाच्या फायली आणा.

केसची फाईल: एफआयआरची प्रत (तक्रारदाराला मोफत मिळते, पैसे मागितले तर देऊ नका), मेडिकलचे कागद, तपास अधिकाऱ्याचं नाव नि फोन, सरकारी वकिलांचं नाव, बालकल्याण समितीचे (अडचणीतल्या मुलांच्या काळजीचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) आदेश, कोर्टाचे समन्स, नुकसानभरपाईच्या अर्जाची पोच.

शाळेची फाईल: जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड, मागच्या वर्षांची गुणपत्रकं, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, सहा-आठ पासपोर्ट फोटो.

शाळेत जाताना फक्त दुसरी फाईल न्यायची. कारण असं होतं की अॅडमिशनला गेलेला बाप गोंधळून जातो आणि हेडमास्तरांनी "गॅप का पडला" विचारलं की सरळ एफआयआर टेबलावर ठेवतो, मग तो कागद क्लार्क बघतो, शिपाई बघतो, आणि चार दिवसांत गावाला कळतं. मुलीची ओळख उघड करणं हा पोक्सोच्या कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव न सांगता "अमक्या गल्लीतली, तमक्याची पुतणी" असं सांगणंसुद्धा त्यातच येतं. शाळेला कुठलंही कारण द्यायची वेळ आली तर बालकल्याण समितीकडून पत्र मागा, त्यात "काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक" एवढंच लिहिता येतं, गुन्ह्याचं नाव लागत नाही. पत्राचा मसुदा टाईप व्हायच्या आधीच हे सांगा, कारण एकदा टाईप झालं की बदलायला कंटाळा करतात.

२. सपोर्ट पर्सन मागून घ्या

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे की बालकल्याण समिती मुलीच्या आणि पालकांच्या संमतीने एक सपोर्ट पर्सन देऊ शकते, तपासापासून खटला संपेपर्यंत. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं, पण तुम्ही स्वतः जाऊन अर्ज दिलेला बरा. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते, रोज बसतेच असं नाही, म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधी फोन करून बैठकीचा वार विचारा नाहीतर गाडीभाडं फुकट जातं.

आता बऱ्याच जणांना वाटतं सपोर्ट पर्सन म्हणजे कोर्टात सोबत येणारी बाई. तेवढंच काम नाही. मुलीची माहिती गुप्त ठेवणं, केसमध्ये काय चाललंय ते तिला तिच्या भाषेत सांगणं, उपचार, समुपदेशन आणि शिक्षण चालू राहतंय ना हे बघणं, सगळं त्यात येतं. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा, "शाळेचं काय करायचं ठरवलंय?" उत्तर नसेल तर तुम्हीच विषय लावून धरा. आणि जमलंच नाही, मुलीला ती व्यक्ती आवडली नाही, तर समितीकडे अर्ज करून बदलून मागता येतं, त्यात कोणाचा अपमान वगैरे काही नाही.

३. मुलीला विचारा, आणि मग थोडं थांबा

साधं वाटतं, पण शाळा, तालुका, हॉस्टेल, विषय सगळं मोठी माणसं ठरवून मोकळी होतात, मुलगी कोपऱ्यात बसलेली असते. तिच्या बाबतीत आधीच एकदा तिच्या मर्जीविरुद्ध सगळं झालंय, त्यात आपण अजून भर टाकायची का. छोट्या गोष्टींपासून सुरू करा: तीच शाळा की दुसरी, सकाळची की दुपारची, वर्गात कोणत्या मैत्रिणीशेजारी बसायचं, कोणत्या सरांचा तास नको. पहिल्यांदा ती "काहीही चालेल" म्हणेल. दोन दिवसांनी परत विचारा.

काही मुलींना लगेच शाळेत जायचं असतं, घरात बसून जीव गुदमरतो त्यांचा. काहींना महिना-दोन महिने नको असतं. दोन्ही ठीक आहे, फक्त थांबणाऱ्या मुलीचं नाव पटावरून कमी होऊ देऊ नका. झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, वर्गात अचानक रडू येतं, हे होतं, त्याला 'आळस' किंवा 'नाटक' म्हणणाऱ्या काकाला लांब ठेवा. समुपदेशनासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, शिवाय जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

इथे एक मोठा धोका सांगते. याच काळात घरात लग्नाचा विषय निघतो. "स्थळ चांगलंय, त्यांना काही माहीत नाही, उरकून टाकू." कधीकधी तर आरोपीच्याच घरून निरोप येतो. अठराच्या आत लग्न हा वेगळा गुन्हा होतो, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ ला कळवता येतं. आणि "आपसात मिटवून टाका" म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना सांगा की पोक्सोची केस आपसात मिटत नाही, शिक्षकाने मुलीशी केलेल्या गैरवर्तनाच्या एका केसमध्ये घरच्यांची तडजोड झाली म्हणून हायकोर्टाने गुन्हा रद्द केला होता, तो निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिरवला.

४. तीच शाळा की दुसरी

आरोपी शाळेतला असेल, शिक्षक, शिपाई, व्हॅनवाला किंवा वर्गातला मुलगा, तर लोक पटकन मुलीलाच हलवतात. आधी त्याला हलवायची मागणी करा, लेखी करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्या. शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेकडे बघणारी समिती असायला हवी, २०२२ पासून तसा जीआर आहे, कागदावर असेल तर तिची बैठक लावायला सांगा. एवढं करूनही मुलीलाच तिथे जायचं नसेल तर मग बदला, पण ती शिक्षा म्हणून नको.

नव्या शाळेत किती जणांना सांगायचं? माझं मत, एकालाच. हेडमास्तर किंवा एखादी विश्वासाची मॅडम. तेही पूर्ण गोष्ट नाही, "कोर्टाच्या कामासाठी अधूनमधून सुट्टी लागेल आणि तिला मध्येच वर्गाबाहेर जावंसं वाटलं तर जाऊ द्या" एवढंच. पोलिसांनाही आधीच सांगून ठेवा की समन्स घेऊन वर्दीत शाळेत यायचं नाही, पालकांना फोन करायचा. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलीचा जबाब घेतानासुद्धा अधिकाऱ्याने वर्दी घालायची नसते आणि जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो.

५. दाखला हातात घेतल्या घेतल्या वाचा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात ज्याकडे कोणी बघत नाही: 'वर्तणूक' आणि 'शाळा सोडण्याचे कारण'. हा कागद मुलीला आयुष्यभर दाखवायचा असतो, कॉलेजला, नोकरीला, पासपोर्टला. कारणाच्या रकान्यात कोणी काहीबाही लिहून ठेवलं तर ते कायम सोबत राहतं. ऑफिसच्या खिडकीवर उभं राहूनच वाचा. कारण म्हणून "पालकांच्या विनंतीवरून" पुरेसं आहे. वर्तणूक 'चांगली' असायला हवी, अत्याचार झाला म्हणून कोणाची वर्तणूक बिघडत नाही, हे मला एका क्लार्कला समजावून सांगावं लागलंय.

दाखला द्यायला टाळाटाळ चालू असेल तर आठवीपर्यंतच्या मुलींसाठी शिक्षण हक्क कायदा हाताशी आहे. सहा ते चौदा वयात दाखला उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि मध्ये शाळा सुटली असेल तर वयाप्रमाणे वर्गात बसवून मागचा अभ्यास भरून काढायची जबाबदारी शाळेची आहे. ऑनलाईनचं एक बघा, यूडायसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीत, मुलीचं नाव जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नव्या शाळेत दिसत नाही, आणि जुनी शाळा हे मुद्दाम किंवा आळसाने लटकवून ठेवते. नव्या शाळेच्या क्लार्ककडून रिक्वेस्ट टाकून घ्या आणि आठवड्याने परत विचारा.

नववी-दहावीला हजेरीची ७५ टक्क्यांची अट आडवी येते. सवलत मागायला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, त्यावर "वैद्यकीय कारणास्तव" एवढंच लिहून घ्या आणि वर्ष संपायची वाट न बघता तेव्हाच्या तेव्हा जमा करा.

६. वर्ष गेलंच असेल तर

घाबरू नका, दोन रस्ते चालू आहेत.

एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाईन भरायचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. यातला सापळा म्हणजे मुदत, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म त्याच्या कितीतरी महिने आधी बंद होतो, लोक दिवाळीनंतर जागे होतात आणि अजून एक वर्ष जातं. जूनपासूनच मंडळाच्या वेबसाईटवर लक्ष ठेवा.

दोन, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. दहावीसाठी वय १४ पूर्ण, बारावीसाठी १५ पूर्ण लागतं. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेची संधी असते, विषय एकेक करून काढता येतात. ज्या मुलीची केस जोरात चालू आहे, मध्येच बाळंतपण आहे किंवा बालगृहात राहते तिच्यासाठी मला हा रस्ता जास्त बरा वाटतो, एका मार्चवर सगळं टांगून राहत नाही. राज्य मंडळात काही विषय सुटलेले असतील तर त्यातल्या दोन विषयांपर्यंतचे मार्क इकडे धरता येतात. बाहेर काही एजंट "गॅरंटी पास" म्हणून भरपूर पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका, नोंदणी स्वतः होते.

७. पैसे कुठून

मनोधैर्य ही अत्याचार झालेल्या मुली-महिलांना आर्थिक मदत देणारी राज्याची योजना २०१३ पासून आहे, आता तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे, ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अर्ज, एफआयआर, मेडिकल, ओळखपत्र, बँक खातं लागतं. खातं मुलीच्या नावावर काढा, मोठा हिस्सा मुदत ठेवीत जातो त्यामुळे "सगळे पैसे आले की फी भरू" असं धरून चालू नका. वकील मोफत मिळायचा अर्जही तिथेच, फोन नंबर १५१००.

आता एक गोष्ट जी वकिलांनाही पुष्कळदा आठवून द्यावी लागते. पोक्सोच्या नियम ९ मध्ये विशेष कोर्ट निकालाच्या आधीसुद्धा अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि रक्कम ठरवताना जे बघायचं त्यात शिक्षणाची संधी गेली का हे स्पष्ट लिहिलंय, मानसिक धक्क्यामुळे, उपचारामुळे, तपास आणि खटल्यामुळे शाळा बुडाली तर तेही. म्हणजे बुडालेला प्रत्येक दिवस हिशोबात येतो! म्हणून पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा: तारीख, शाळा का बुडली (जबाब, मेडिकल, कोर्ट, तब्येत), गाडीभाडं किती गेलं, क्लास लावला असेल तर फी, पावत्या मागे चिकटवा. सरकारी वकिलांना अर्ज करायला लावताना ही वहीच पुढे करायची. आणि अगदी तातडीचं असेल, जेवण, कपडे, प्रवास, तर नियम ८ खाली बालकल्याण समिती लगेच मदतीची शिफारस करू शकते, ते पैसे आठवड्यात मिळायला हवेत. घरी राहणाऱ्या गरजू मुलांना दरमहा मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेबद्दलही समितीतच विचारा.

बारावीनंतर इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी असं काही करायचं असेल तर २०२४ च्या जीआरनुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, प्रवेश सरकारी फेरीतून घ्यावा लागतो. कुठेही केसचा उल्लेख करायची गरज नाही, हे मला सगळ्यात आवडतं.

८. तारीख आणि पेपर एकाच दिवशी आले तर

येतातच. परीक्षेचं वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी झेरॉक्स सरकारी वकिलांना द्या आणि त्या काळात साक्ष लावू नये असा अर्ज करा. समन्स हातात पडल्यावर धावण्यात अर्थ नाही. कलम ३३ प्रमाणे मुलीला साक्षीला पुन्हा पुन्हा बोलवायचं नसतं, साक्ष चालू असताना तिला मध्ये विश्रांती मिळते, विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं, आणि उलट तपासणीचे प्रश्नसुद्धा वकिलाने थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत जायचे असतात. साक्षीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवू नका, तिला स्वतःला जायचं असेल तरच.

९. कॉलेजातल्या मुलींसाठी

अठरा पूर्ण असेल आणि त्रास देणारा कॉलेजातलाच असेल तर पोलिसांशिवाय अजून एक दार आहे, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी कॉलेजची अंतर्गत समिती. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर मुदत वाढते. चौकशी चालू असतानाच समिती मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते, तिला किंवा त्याला दुसऱ्या विभागात हलवू शकते, तो प्राध्यापक असेल तर तिचे पेपर तपासण्यापासून त्याला बाजूला ठेवू शकते. हे आपोआप होत नाही, तक्रारीसोबतच वेगळा अर्ज करून मागायचं. राहायला सुरक्षित जागा नसेल तर १८१ वर फोन करा, सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रातून शक्ती सदनपर्यंत, म्हणजे बायकांच्या सरकारी निवारागृहापर्यंत पोचता येतं.

ही समिती ज्या कायद्याने आली त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी आहेत. त्या सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत, त्यातून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा.

१०. पुढे यायचं असेल तर, तिच्या वेगाने

एक-दोन वर्षांनी मुलगी सावरते, आणि मग संस्थांना ती स्टेजवर हवी असते. आठ मार्चचा कार्यक्रम, पाहुणे, कॅमेरा, "आमची धाडसी मुलगी". अठराच्या आत असेल तर अजिबात नाही, ओळख उघड होते, पालकांनी सही दिली म्हणून चालत नाही. सज्ञान झाल्यावर तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव येऊ शकतं, पण तेव्हाही मी तिला विचारते की हा व्हिडिओ दहा वर्षांनी तुझ्या ऑफिसात कोणी बघितला तर चालेल का.

नेतृत्व म्हणजे आपली कहाणी सांगत फिरणं असं नाही. शाळेत बालसभेत बोलणं, वर्गाची मॉनिटर होणं, लहान मुलींचा अभ्यास घेणं, इथून सुरू होतं आणि तिथे तिची केस कोणाला माहीत असायची गरजही नसते. मोठी झाल्यावर ज्यांना याच कामात यायचंय त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून निवड होते, शक्यतो दहावी झालेले घेतात, प्रशिक्षण आणि कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. समाजकार्याची पदवी, एलएलबी हे पुढचे रस्ते. फ्री अ गर्ल संस्थेने २०१७ मध्ये भारतात 'स्कूल फॉर जस्टिस' सुरू केलं, देहविक्रीतून सुटका झालेल्या मुलींनी कायदा शिकावा म्हणून, तेव्हा हे कोणी केलंच नाही असंही नाही. माझ्याकडच्या मुलींना विचारलं तर निम्म्या जणी म्हणतात पोलीस व्हायचंय, त्यांना बारावी आणि पळण्याचा सराव एवढंच आधी सांगते.

आणि कोणाला यातलं काहीच नको असेल, ब्युटीपार्लर टाकायचं असेल, बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील, लांबच्या शहरात जाऊन हा विषयच पुन्हा काढायचा नसेल, तर तिचा नंबर आपल्या 'यशोगाथा' यादीतून काढून टाका आणि तिने फोन केला तरच बोला.